वाटीतले खिळे

खिडकीची कडी लावलीस ना रे? मग बस इथे, माझ्याजवळ. ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावसबहिणीची. तिने मला एकदाच सांगितली, माझा हात घट्ट धरून. तिखटमीठ लावायची तिला सवय नाही. ते काम आमच्यात माझ्याकडे.

मागचं मोठं वादळ आलं, त्याच शनिवारची रात्र. दुपारी बहीण खिळे आणायला गेली होती. तिचा नवरा सुतार. गल्लीभर लोकांच्या खिडक्यांवर बाहेरून फळ्या ठोकत हिंडत होता आणि त्याच्याकडचे खिळे संपले होते. दुकानदार म्हणाला, वहिनी, असं वादळ दर महिन्याला आलं तर माझंही भलं होईल. तिने स्वतः निवडून घेतले, नवे, चकचकीत, आणि नवऱ्याच्या हातात नेऊन दिले. आपल्या स्वयंपाकघराची खिडकी राहिलीय, हेही बजावलं. सुताराच्या स्वतःच्या घराचा नंबर नेहमी शेवटी.

या माणसाची एक सवय होती. ठोकताना खिळे ओठांत धरायचे. एकदा बोलता बोलता एक घशाशी गेला, तेव्हापासून सासूबाईंनी दाराशेजारी पितळी वाटी ठेवली. घरात आलं की उरलेले खिळे आधी वाटीत, मग बोलणं. खण्ण वाजलं की माणूस घरी आला, हे सगळ्यांना पाठ.

अंधार पडला. गाडीवरून भोंगा सांगत गेला की मध्यरात्री वादळ किनाऱ्याला लागेल, कोणी बाहेर पडू नका. मग वीज गेली. फोन मुका झाला. मेणबत्ती लावून बहीण नवऱ्याची वाट बघत बसली. आतल्या खोलीत सासूबाई पडल्या पडल्या वादळाच्या नावाने बोटं मोडत होत्या.

शेवटी दार ढकलून तो आला. पाठमोराच वाटीशी वाकला. खण्ण. कडी लावली आणि दाराकडे तोंड करून खुर्चीत बसला. खिडकी ठोकलीत का, तिने विचारलं. त्याने मान डोलावली. जेवायला वाढू का? मानेनेच नाही म्हणाला. आतून सासूबाई म्हणाल्या, हा इतका गुणी कधीपासून झाला?

बहिणीला हसू आलं, पण पुरतं आलं नाही. एरवी हा माणूस भिंतीशीही बोलेल. ती पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली. वीज चमकली आणि खिडकीतून लख्ख आत आली.

फळी नव्हतीच.

खोटं का बोलला? ती तिथेच उभी राहिली. तेवढ्यात बाहेरून काचेवर एक फळी आडवी आली. धरणाऱ्याचं तोंड दिसलं नाही. हातोडा पडू लागला. दोन हलके, एक जोरात. दोन हलके, एक जोरात. इतक्या वर्षांच्या संसारात हा ठोका तिने झोपेतही ओळखला असता.

ती हळूच स्वयंपाकघराच्या दारात आली. नवरा खुर्चीतच होता. खुर्चीच्या हातावर त्याची बोटं वाजत होती. दोन हलके, एक जोरात.

आधी बोट... मग हातोडा. आधी बोट... मग हातोडा.

ठोकणं थांबलं. बोटंही थांबली.

मग दारावर थाप पडली.

"अगं, दार उघड. छप्पर उडायला लागलंय." आवाज त्याचाच. ओठांत खिळे धरून बोलावं तसा, दबका.

खुर्चीतला माणूस पहिल्यांदा बोलला. "उघडू नकोस."

तोही आवाज त्याचाच. स्वच्छ.

सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, आपलंच माणूस बाहेर आहे ना?"

बहिणीला कळेना, त्या कोणत्या आवाजाबद्दल बोलतायत. दार उघडलं नाही तर बाहेरचा वादळात जाणार. उघडलं तर... काय आत येणार? पत्रा कुठेतरी फाटला. बाहेर कोणीतरी कण्हलं. खुर्चीतला हलला नाही. नुसता बघत राहिला. दाराकडे नाही. तिच्याकडे.

तिने कडी काढली.

वारा घुसला. मेणबत्ती गेली. काळोख... अंगाला ओलं काहीतरी घासून गेलं. वाटी वाजली. खण्ण. मग दार लागलं. तिने लावलं नव्हतं.

काडी पेटायला किती वेळ लागला, तिला सांगता येत नाही. उजेडात एकच माणूस होता. त्याच खुर्चीत. निथळत.

"एवढा वेळ का लावलास?" तो म्हणाला.

आधी कोण आलं होतं, हे तिने विचारलं नाही. रात्रभर भिंतीला टेकून बसली, त्याच्यावरची नजर न काढता.

उजाडलं तेव्हा वारा पडला होता. ती बाहेर गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीवर फळी होती, तिने आणलेल्याच खिळ्यांनी ठोकलेली, नवे, चकचकीत. तिचा जीव भांड्यात पडला. ठोकणारा आपलाच, आपण दार उघडलं ते बरंच केलं.

मग आत येऊन तिने वाटी बघितली. दोनदा वाजली होती वाटी, दोन्ही वेळा तिने कानांनी ऐकलं होतं. आपल्या खिळ्यांतले उरलेले तरी त्यात असायला हवेत.

वाटीत सगळे जाड, वाकडे, गंजून लाल झालेले खिळे होते. अजून खारं पाणी गळणारे. चकचकीत एकही नव्हता.

आतून नवऱ्याने हाक मारली. स्वच्छ आवाजात. चहा टाकलास का, म्हणून.