सात नंबरचं घड्याळ

सकाळचे साडेदहा झाले होते आणि उंबरकोंडचा डोंगर पडद्यावर हिरवा दिसत होता. हिरवा म्हणजे स्थिर. पाऊस थांबून चार दिवस झाले होते, बाहेर लख्ख ऊन होतं. तरीही आपत्ती नियंत्रण कक्षातली तंत्रज्ञ हर्षला तांबट तिसऱ्यांदा खुर्चीवरून उठली. नुकताच आलेला फोन तिला बसू देत नव्हता.

फोन बायडाबाई ढेब्यांचा होता. डोंगराखालच्या उंबरकोंड या वीस घरांच्या वस्तीत त्यांच्या घरामागे सात नंबरचा 'कान' होता. सरकारी कागदात त्याचं नाव भूकर्ण. डोंगरात पुरलेली अशी बारा यंत्रं जमिनीची हालचाल टिपत.

"मॅडम, तुमच्या कानाचा खांब कलंडलाय," बायडाबाई म्हणाल्या होत्या. "अन् आमचं दार लागंना झालंय. चौकट दबलीया."

हर्षलाने सात नंबरची नोंद शोधली. ती 'अग्राह्य' कप्प्यात सापडली, तीन दिवसांपासूनची. कारण एका ओळीत होतं: घड्याळ प्रमाणवेळेशी जुळत नाही.

कंप कोणत्या कानापाशी किती आधी पोचला, यावरून हालचालीची जागा ठरे. त्यासाठी बाराही घड्याळं तंतोतंत एक असावी लागत. ते काम 'कालमेळ' ही संगणकप्रणाली करी. दर मिनिटाला ती सरकारी वेळसेवेच्या प्रमाणवेळेशी प्रत्येक घड्याळ ताडून पाही आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाहून जास्त फरक दिसला की त्या कानाची साक्ष बाजूला ठेवी. खोटे इशारे त्यामुळेच थांबले होते. हर्षलानेच ती बसवली होती.

तिने टाकून दिलेली नोंद उघडली. पहिल्या दिवशी जमीन नऊ सेंटिमीटर सरकली होती. दुसऱ्या दिवशी चौदा. आज सकाळपासूनच वीस.

उपग्रहाकडून वेळ घेणारी अँटेना त्या कलंडलेल्या खांबावरच होती; तिला उपग्रह सापडेनासा झाला होता. डोंगर सरकला म्हणून घड्याळ चुकलं होतं, आणि घड्याळ चुकलं म्हणून डोंगराचं कुणी ऐकत नव्हतं. बाकीचे अकरा कान पक्क्या खडकात होते, त्यांना काहीच जाणवलं नव्हतं.

तिने जिल्ह्याचे आपत्ती अधिकारी शिरधनकर साहेब यांना फोन लावला. "सर, उंबरकोंड रिकामं करायला हवं."

"इशारा आलाय?"

"नाही. सात नंबरची नोंद आहे, पण अग्राह्य."

"मग माणूस पाठवून घड्याळ जुळवून घे. खरं असेल तर इशारा येईलच."

"पोचायलाच तीन तास लागतील, सर!"

"गेल्या साली सहा वाड्या उगाच हलवल्या, तेव्हा लोक अंगावर आले होते. इशाऱ्याशिवाय मी सही करणार नाही, हर्षला."

तिने फोन ठेवला. मग बायडाबाईंचा नंबर फिरवला.

"मावशी, सगळ्यांना घेऊन निघा. समोरच्या माळावर जा."

"सरकारचा हुकूम हाय का?"

"नाही. मी सांगतेय."

पलीकडे कुणीतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "बरं. सासूला पाठीवर घ्यावं लागंल. निघतो."

एक वाजून दहा मिनिटांनी डोंगराचा अर्धा भाग खाली आला. अठरा घरं गाडली गेली. माणसं माळावर होती. शेळ्या सोडायला परत गेलेले कोंडिबा ढेबे तेवढे सापडले नाहीत. पडदा शेवटच्या क्षणापर्यंत हिरवा होता.

संध्याकाळी शिरधनकर स्वतः कक्षात आले. हर्षलाने जिल्ह्याची 'अग्राह्य' यादी उघडली होती. एक्केचाळीस कान, तितक्याच गावांचे.

"बहुतेकांची बॅटरी गेली असेल," ते हळूच म्हणाले.

"बहुतेकांची, सर. सगळ्यांची?"

"एक्केचाळीस गावं उद्याच्या उद्या उठवशील? आणि चाळीस डोंगर जागचे हलले नाहीत, तर पुढच्या वेळी तुझ्या सांगण्यावरून कोण उठेल?"

यादीत दर मिनिटाला नव्या नोंदी येऊन पडत होत्या. त्यांतली कोणती खरी होती?