पुस्तकाला शोभेल असं फूल

व्हर्बान पहिल्यांदा वाचनालयात आला तेव्हा मी नुकतीच फरशी पुसून उठले होते, आणि त्याचे बूट चिखलाने बरबटलेले होते.

"तिथेच थांबा!" मी ओरडले. "एक पाऊल पुढे टाकलंत तर फडकं तुमच्या हातात देईन."

तो थांबला. आधी फरशीकडे बघितलं, मग बुटांकडे, मग माझ्याकडे... आणि चक्क बूट दाराबाहेर काढून मोज्यांवर आत आला. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. ते त्याला माहीत असावं, कारण तो पाय त्याने दुसऱ्यामागे लपवला.

"मी नगरपालिकेच्या बागेत असतो. गुलाबांवर मावा पडलाय. त्यावर काही पुस्तक आहे का?"

"गुलाबांसाठी हवंय की माव्यासाठी?"

"मावा वाचणार असेल तर त्याला काहीतरी कंटाळवाणं द्या. झोप लागली तरी आमचं काम होईल."

मला हसू आलं आणि मी ते लपवलं नाही. लपवण्यासारखं हसू मला कधी येतच नाही, खो खो येतं. आमच्या लोव्हेच गावच्या त्या वाचनालयात त्या हिवाळ्यात कुणी हसलं नव्हतं. वाचक म्हणजे दोन पेन्शनर. तेही शेकोटीपुरते यायचे.

कीडनाशकांच्या पुस्तकाबरोबर मी त्याला एक गुप्तहेरकथा दिली. कुणालाही काहीतरी जास्तीचं वाचायला द्यायचं ही माझी जुनी खोड. आठ दिवसांनी ती परत आली, आणि तिच्यावर हायसिंथचा निळा तुरा ठेवलेला होता.

"हे काय?"

"जोडी," तो म्हणाला. "ही कथा वाचताना सारखं वाटत होतं, कुणीतरी काहीतरी लपवतंय. हायसिंथचंही तसंच आहे. वास इतका गोड की संशय यावा."

"मला नाही पटत."

"तुम्ही वाचलीय का?"

घोडं नेमकं इथेच पेंड खात होतं. वाचनालयात काम करणारी मी, इग्लिका, पण आई गेल्यापासून दोन वर्षं एक पानही वाचलं नव्हतं. पुस्तकं झटकत होते, लावत होते, देत होते. उघडलं की मात्र आईचा आवाज यायचा... ती मोठ्याने वाचायची ना, म्हणून. मग मिटून ठेवायचे.

पण हा बागवान मला शिकवणार? त्या संध्याकाळी मी कथा घरी नेली, केवळ त्याला खोटं पाडायला, आणि दोन रात्रींत संपवली.

"हायसिंथ चुकलं," मी त्याला ऐकवलं. "खुनी निघाला पाद्री. तिथे पांढरं नर्गिस हवं. मान खाली घालून उभं, असं साळसूद, जसं काही केलंच नाही!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "हरलो. दुसरं द्या."

मग हे रोजचंच झालं. सागरसफरीच्या पुस्तकावर त्याने पिवळ्या रानफुलाचा म्हातारा झालेला कापूसगोळा ठेवला. म्हणे, फुंकर मारली की निघाला प्रवासाला. इतिहासाच्या जाडजूड ग्रंथावर जुन्या भिंतीत उगवणारं, उपटलं तरी पुन्हा येणारं झुडूप. कवितांना फूल द्यायला मात्र तो तयारच नव्हता.

"त्यांच्यात आधीच खूप फुलं असतात. त्यांना आग्याची पानं. चटका बसला नाही तर कविता कसली? शिवाय उरली तर सूप होतं."

"तू कवितेचं सूप करशील!"

"बघ, 'तू' म्हणालीस."

"चुकून."

"असंच चुकत जा..."

भुतांच्या गोष्टींवर त्याने निळी, नखाएवढी फुलं आणली. ज्यांचं नावच 'मला विसरू नकोस' आहे ना, ती. "भूत दुसरं काय म्हणत असतं?" तो म्हणाला. "एवढंच तर म्हणतं."

मी पाठ फिरवून कपाटातली पुस्तकं सरळ करू लागले. त्याने ते ओळखलं. सांत्वनाचं एक अक्षर न काढता समोरच्या खुर्चीवर बसून राहिला, तेव्हा मी त्याला आईबद्दल सांगितलं. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "तिला काय आवडायचं वाचायला?" दोन वर्षांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. लोक फक्त आजाराबद्दल विचारायचे.

मुरंब्याच्या बरण्यांत पाणी घालून मी खिडकीत पुस्तकं आणि फुलं शेजारी शेजारी मांडू लागले. एप्रिल लागेपर्यंत बायका दारात उभ्या राहून "ते भुताचं निळं द्या हो" म्हणू लागल्या, आणि मला वाचनालयाला तासभर उशिरा कुलूप लावावं लागायचं.

फक्त एक कप्पा राहिला होता. प्रेमकथा त्याने कधी मागितली नाही, आणि मी कधी पुढे केली नाही. एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते, इथे मात्र दोघेही मूग गिळून बसलो होतो.

मग एका बुधवारी तो नुसताच आला, फुलाशिवाय.

"बुर्गासहून बोलावणं आलंय," तो म्हणाला. "समुद्राकाठच्या मोठ्या बागेत मुकादम म्हणून. सोमवारपर्यंत कळवायचंय."

"अरे वा! छानच!" मी म्हणाले. इतका खोटा शब्द मी जन्मात उच्चारला नव्हता. बुर्गास म्हणजे देशाचं दुसरं टोक. तो गेला असता तर मला रडू आलं असतं, हे उघड आहे. पण त्याने माझ्यासाठी काय केलं होतं हे त्याला कळलंच नसतं, हे त्याहून वाईट होतं.

मी वळले, आणि कपाटातून एक प्रेमकथा काढून त्याच्या हातात ठेवली. "जाण्याआधी एवढी वाच. हिची जोडी राहिलीय."

त्याने पुस्तक हातात तोलून बघितलं. "रविवारपर्यंत वाचतो," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता गेला.

तो रविवार फुलांचा रविवार होता, ईस्टरच्या आधीचा. त्या दिवशी फुलांची किंवा झाडांची नावं असलेल्या सगळ्यांचा नामदिन, म्हणजे नावाचा वाढदिवस, असतो. इग्लिका म्हणजे वसंतात गवतातून डोकावणारं पिवळं, बुटकं फूल. आणि नामदिनाला आमच्याकडे कुणाला बोलवत नाहीत. ज्याला आठवतं तो येतो. ज्याचा दिवस, त्याने टेबल मांडून घरी थांबायचं, एवढंच.

मी टेबल मांडलं. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस असले तरी त्या रविवारी मासा चालतो, म्हणून भट्टीत मासा घातला. रिवाजाप्रमाणे फाटकाला वाळुंजाची फांदी बांधली. काकू आली, शेजारचे आले, ते दोन पेन्शनरही आले. दार वाजलं की मी डोळे लावून बघायचे आणि पुन्हा वाढायला लागायचे.

"दाराला भोक पडेल," बाबा म्हणाले. "कोण यायचं राहिलंय एवढं?"

"कुणी नाही."

"त्या कुणी-नाहीचं नाव काय?"

"व्हर्बान," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच डोक्यात लख्ख उजेड पडला. व्हर्बान म्हणजे वाळुंज! त्याच झाडाची फांदी मी सकाळी फाटकाला बांधली होती. त्याचाही नामदिन आजच. तोही आपल्या घरी टेबल मांडून बसला असणार. तो येणार कसा? काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मी ॲप्रन काढून बाबांच्या हातात दिला.

"आणि पाहुण्यांना काय सांगू? उत्सवमूर्तीच पळाली म्हणून?"

"सांगा, मीठ आणायला गेली."

"जा," ते म्हणाले. "तुझी आई असती तर तिने तुला सकाळीच हाकललं असतं."

छपराच्या पुलावरून मी जवळजवळ धावतच नदी ओलांडली, चढ चढले, आणि धापा टाकत त्याच्या दारात उभी राहिले. दार त्याच्या आईने उघडलं, मारीन्काकाकूंनी. हातात पळी, गालाला पीठ.

"व्हर्बान आहे?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तूच का ती वाचनालयातली? अगं, तो आत्ताच गेला, वरच्या पुलाने! मी म्हटलं, आज तुझा दिवस, घर सोडू नये. तर म्हणतो, आई, तिचाही आहे."

मी तशीच मागे वळले. त्यांनी माझं मनगट पकडलं.

"कुठे निघालीस? तू इथून पळशील, तो तिथून पळेल, आणि दिवसभर नदीच्या काठांवर शिवाशिवी खेळाल. एकाने तरी थांबावं. शिवाय आत सात माणसं बसलीत, आणि मला दोनच हात आहेत. ही घे पळी."

मी पळी घेतली. त्याच्या पाहुण्यांना मासा वाढला, वाइन ओतली, कधी न बघितलेल्या त्याच्या मामाची शेतीची रडकथा ऐकली. "यंदाची उत्सवमूर्ती गेल्या वर्षीपेक्षा देखणी आहे," मामा म्हणाला, आणि सगळी खोली हसली. मीही हसले, पण कान भिंतीवरच्या फोनकडे होते. फोन वाजला तशी पळी रश्शात सोडून मीच तो उचलला.

"इग्लिका," बाबा म्हणाले, "तू मीठ आणायला गेलीस आणि इथे एक मुलगा आलाय. काकूला वाइन वाढतोय. बरा वाढतो. त्याला फोन देऊ का?"

मग त्याचा आवाज. "मी तुझ्या घरी आहे."

"मी तुझ्या."

माझ्यामागे सगळे काटे-चमचे थांबले होते.

"कादंबरी वाचली," तो म्हणाला.

"मग? कुठलं फूल आणलंस?"

"फूल नाही आणलं... कुंडी आणलीय. पिओनी. आत्ता नुसते लाल कोंब आहेत. लावल्यावर तीन वर्षं फूल येत नाही. आणि एकदा रुजली की तिला हलवलेलं अजिबात खपत नाही."

"आणि बुर्गास?"

"शुक्रवारीच नकार कळवून टाकला. पन्नासाव्या पानावर होतो तेव्हा."

मी भिंतीला टेकले. "व्हर्बान, ऐक. दोन वर्षं मी पुस्तक उघडलं नव्हतं. तुझ्याशी भांडायचं म्हणून वाचायला लागले. आता वाचताना आईचा आवाज येतो तो... तो हवासा वाटतो. तू मला हे परत दिलंस. तुझे आभार मानायचे होते. त्यासाठीच आले."

"फक्त आभार मानायला आलीस?"

"नाही," मी म्हणाले. सात जणांसमोर, त्याच्या आईसमोर, स्पष्ट मोठ्याने. "मला तू हवा आहेस म्हणून आले."

मागे कुणाचा तरी चमचा खाली पडला.

"तुमच्या अंगणात जागा आहे का, हे विचारायला मी आलो होतो," तो म्हणाला. "तुझे बाबा म्हणतात, मालकिणीला विचार. कुठे लावू?"

"स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. सकाळी चहा करताना मला दिसेल अशी."

"मग जरा डावीकडे लावतो," तो म्हणाला. "दोघांना दिसायला हवी."