बारावं पत्र

१९८८ साली रत्नागिरीत घरी कॉम्प्युटर असणारी माणसं बोटांवर मोजता आली असती. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत असे आणि संध्याकाळी गोखले नाक्यावर एका छापखान्याच्या माडीवर कॉम्प्युटरचा वर्ग घेत असे. पहिल्या तुकडीत नसीमा होडेकर होती. राजिवड्याची. बोलायची कमी, पण एकदाच शिकवावं लागायचं.

तिचा नवरा सुलेमान बोटीवर इंजिनरूममध्ये होता. त्यानंच दुबईहून दोन खोक्यांतून घरी मशीन आणलं होतं. रजा संपून जाताना तो त्याच्यावर तिच्यासाठी पत्रं लिहून ठेवी. मराठी अक्षरं नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. "मी गेल्यावर एकेक उघडायचं, असं सांगून जायचे," नसीमा म्हणाली होती. मागच्या वर्षी ऑगस्टात, आखातात युद्ध चालू असताना, त्याची बोट बेपत्ता झाली. कंपनीनं सगळे गेले असं कळवलं. मयत कुणाचीच मिळाली नव्हती. नसीमानं बांगड्या उतरवल्या नव्हत्या.

तिला आता काम सुरू करायचं होतं. आखातात जाणाऱ्यांचे अर्ज, पत्रं टाईप करून छापून द्यायची. छपाईचा प्रोग्रॅम तिच्या मशीनवर चालेना, कारण सिस्टीम जुनी होती. सिस्टीम म्हणजे मशीन सुरू झालं की सगळ्यांत आधी जागी होणारी गोष्ट. बाकीचं सगळं तिच्या जिवावर चालतं. नसीमाचा दीर अयूब कुवेतहून रजेवर येताना नव्या सिस्टीमच्या फ्लॉप्या घेऊन आला आणि तिनं मला बोलावलं.

दहा ऑक्टोबर, सोमवार. कॉलेज सुटल्यावर दुपारी मी गेले. घर खाडीला लागून. खिडकीतून भाट्याचा पूल दिसायचा, आणि बाहेर वाळत घातलेल्या सुकटीचा वास खोलीभर होता. ऑक्टोबरचा उकाडा असा की जांभ्याच्या भिंतीला हात लावला तर गरम लागावा. टेबलावर मशीन, त्याच्यावर क्रोशाचं झाकण.

अयूब पडवीत बसला होता. "बाई, काय ते एकदाचं करून टाका," तो हळूच म्हणाला. "रोज त्याच्यापुढं बसून तीच पत्रं वाचते. जमातीतली माणसं मला विचारतात, आमी काय सांगायचं?"

या मशीनला स्वतःचं घड्याळ नव्हतं. सुरू करताना तारीख, वेळ आपणच घालायची. मी घातली. हिरवी अक्षरं आली. सुलेमाननं पत्रांना नावं दिली नव्हती, नुसते आकडे. एक ते अकरा. ती अकराही मी फ्लॉपीवर उतरवली, नसीमाला दाखवली आणि फ्लॉपी तिच्या हातात दिली. मग आतली डिस्क पूर्ण पुसली आणि नवी सिस्टीम चढवली. काही अडलं नाही.

शेवटी डिस्कवरची यादी काढली. नव्या सिस्टीमच्या फाइली होत्या. आणि खाली एक आकडा. बारा.

उघडली तर आत काही नव्हतं. तारीख आजची, वेळ पाच मिनिटांपूर्वीची.

डिस्कवर कुठे कुठे खराब जागा असते, तिथं असले कचऱ्याचे ठिपके उठतात. मी तसं नसीमाला सांगितलं आणि फाइल पुसून टाकली. यादी पुन्हा काढणार एवढ्यात वीज गेली. उरलेलं उद्या. स्टॅबिलायझरची वायर सैल झाली होती, ती डाग देऊन आणीन म्हणून मी पिशवीत घालून घरी आणली.

मंगळवारी दुपारी वायर जोडली, मशीन सुरू केलं. यादीत बारा होतीच. यादी प्रत्येक फाइलीतली अक्षरंही मोजून दाखवते; आता तिच्यात सहा अक्षरं होती.

मी उघडली. इंग्रजी अक्षरांत 'नसीमा'.

मला राग आला तो अयूबचा. मी त्याला आत बोलावलं.

"इथं काल कोणी हात लावला होता?"

"आमाला कुठं येतंय ते, बाई?" तो दारातच थांबला. "आन् वायर तुमी घेऊन गेलेला."

ते खरं होतं. वायरीशिवाय मशीन सुरूच होत नव्हतं. नसीमा पडद्याकडे बघत होती.

"ते मला नसीमा नाय म्हणायचे," ती म्हणाली. "पत्रात नेहमी नसू लिवायचे. नसीमा फक्त घाबरले की म्हणायचे."

मी तिला समजावलं. डिस्क पुसली तरी अक्षरं लगेच मरत नाहीत. यादी पुसली जाते, खालचे तुकडे तसेच राहतात. तुझं पूर्ण नाव त्या पत्रांत एखाद्या वेळी तरी आलं असेल, त्यातलाच एक तुकडा वर आलाय. हे मी वर्गात शिकवते त्याच आवाजात सांगितलं. सांगताना मला ते पटतही होतं.

"मग आता?"

"पुन्हा पुसू. नीट."

फ्लॉपी आत घातली. पुसण्याची आज्ञा देण्याआधी, का कोण जाणे, मी यादी एकदा पुन्हा काढली. सहाची अठ्ठावीस अक्षरं झाली होती.

आम्ही दोघींनी कळफलकाला हात लावला नव्हता.

उघडली.

'नसीमा पुसू नको मी अजून हाय'

अयूब काहीतरी पुटपुटला आणि पडवीत निघून गेला. त्या वाक्यातला प्रत्येक शब्द अकरा पत्रांत कुठे ना कुठे असणारच. पुसू. नको. अजून. तुकडे असे जुळून येऊ शकतात का, याचा मी मनात हिशेब मांडू लागले आणि तो सोडून दिला.

मी आज्ञा दिली. पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला: या डिस्कवरचं सगळं नाहीसं होईल. पुढे जायचं? होयला वाय, नाहीला एन.

नसीमानं माझं मनगट धरलं. तिच्या बांगड्या माझ्या हातात रुतल्या.

"बाई, थांबा."

"हे तो नाहीये, नसीमा."

"ठाऊक हाय."

"आज ठेवलंस तर जन्मभर याच्यासमोर बसून राहशील."

मग तिची बोटं सैल झाली. तिनं हात मागे घेतला नव्हता, फक्त सैल सोडला होता. मी त्यालाच होकार मानलं.

मी वाय दाबलं.

आकडे चढू लागले. आतली डिस्क बारीक कुरकुरत होती. मशिदीतून तिसऱ्या प्रहरची असरची बांग आली. बांग संपायच्या आधी आकडे थांबले.

यादी काढली. सिस्टीमशिवाय काहीच नव्हतं. मी तीनदा बघितलं. मग छपाईचा प्रोग्रॅम चढवला, तो पहिल्या फटक्यात चालला. नसीमानं स्वतःचं नाव आणि पत्ता छापून बघितला.

महिन्याभरात तिच्याकडे माणसं येऊ लागली. मी एकदा जाऊन आले, तेव्हा तिच्या हाताला वेग आला होता. बाराव्या फाइलीबद्दल आम्ही बोललो नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी ती वर्गावर आली. मुली गेल्यावर तिनं पर्समधून एक पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. परदेशी तिकीट, आत मात्र आखीव कागदावर मराठी अक्षर. लिहिणारा महिपत, दाभोळजवळच्या खेड्यातला. आखातापलीकडच्या एका बंदरातल्या इस्पितळात तो स्वयंपाकी होता.

त्यानं लिहिलं होतं: मागच्या वर्षी मच्छीमारांनी एक माणूस किनाऱ्यावर आणून टाकला. कागदपत्रं नव्हती. डोळे उघडे असायचे, पण चौदा महिने तो एक शब्द बोलला नाही. कुठला, कोण, कुणाला माहीत नव्हतं. गेल्या महिन्यात, अकरा तारखेला, तो एकाएकी बोलू लागला. बोली हिंदुस्थानी वाटली म्हणून मला चुलीवरून बोलावून आणलं. आपली मराठी ऐकून मी रडलो. त्यानं नाव सांगितलं, राजिवडा सांगितलं, घर सांगितलं. मी म्हटलं, आता काळजी नको, तुम्हाला घरी पाठवतात. पण तो माझ्याकडे बघत नव्हता. भिंतीकडे बघून म्हणत होता, त्या मास्तरणीला सांग, थांब म्हणावं. दोनदा म्हणाला. मग श्वास गेला. इथं दफन नीट केलं आहे.

खाली आणखी एक ओळ होती: ही मास्तरीण कोण ते मला समजलं नाही. तुमच्या ओळखीची असेल तर तिला निरोप पोचवावा.

सुलेमाननं मला कधी पाहिलं नव्हतं. माझा वर्ग सुरू होण्याआधीच त्याची बोट बेपत्ता झाली होती.

मी मान वर केली. नसीमाच्या हातात बांगड्या नव्हत्या. तिनं माझ्या हातातून पत्र घेतलं, जुन्याच घडीवर दुमडलं.

"पोचवला," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.