बासरी थांबल्यावर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एरवी मी हा विषय काढत नाही. १९५९ सालचा कार्तिक महिना. मी पुसदच्या गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. सायकलीनं खेडोपाडी जाऊन ढोरांना बुळकांडीच्या साथीवरची लस टोचायचं काम माझ्याकडे होतं. घर कारकुनांचं, ढोरांशी संबंध नोकरीपुरताच. बासरी मात्र लहानपणापासून वाजवायचो, आणि फिरतीवर ती पिशवीत असायची.

त्या दिवशी डोंगराकडच्या एका बंजारा तांड्यावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. ढोरं अजून माळावर होती. तांड्याचा नायक नेमसिंग म्हणाला, गुराखी वळवून आणीलच, तोवर बसा. मी तांड्याबाहेर एका मोहाच्या झाडाखाली जाऊन बसलो. समोर पिवळं पडलेलं गवत, त्यात पांगलेली ढोरं, आणि खाली उतारावर नदीचा डोह. वारा अजिबात नव्हता. वेळ जाईना म्हणून बासरी काढली.

दोन-चार सूर निघाले असतील, ढोरांनी माना वर केल्या. मग ती येऊ लागली. तीस-चाळीस जनावरं माझ्यासमोर येऊन उभी राहिली, कान ताठ करून. एकही रवंथ करत नव्हतं. मला गंमत वाटली. मी मन लावून वाजवलं आणि थांबलो.

ढोरं ऐकतच होती.

कान तसेच ताठ. मग ते सगळे कान एकाच वेळी फिरू लागले, हळूहळू उताराकडे... कोणी वाजवत चालत जावं आणि त्याच्यामागे कान वळावेत, तसे. मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. एक म्हातारी गाय वळली आणि डोहाकडे निघाली. तिच्यामागे दुसरी, मग सगळीच. घाई नाही, हंबरणं नाही. पहिली गाय पाण्यात शिरली. तिचं पोट बुडालं, पाठ बुडाली. तिनं मान वर काढायचा प्रयत्नही केला नाही.

तांड्यातून एक बाई धावत आली. तिनं माझा हात धरून बासरी तोंडाशी नेली.

“वाजवा, साहेब. थांबू नका. तुमी थांबले का तो वाजवते.”

मी वाजवू लागलो. ढोरं थबकली, वळली. मी उलट्या पावलांनी तांड्याकडे सरकू लागलो आणि ती माझ्यामागे येऊ लागली. मी श्वास घ्यायला थांबलो की तेवढ्यात सगळे कान पुन्हा डोहाकडे फिरत.

ती बाई धुरपताबाई. बाजूनं चालता चालता ती हळू आवाजात सांगत होती. तिचा नवरा लालसिंग तांड्याचा आधीचा गुराखी होता. बासरीवर ढोरं घरी आणायचा. मागच्या वर्षी पोळ्याला पुरात या डोहात गेला, तो सापडलाच नाही. पुढे लग्नसराईत पुसदचा निजामुद्दीन सनईवाला याच माळावर घटकाभर वाजवत बसला. त्यानं सनई खाली ठेवली आणि सात गाई पाण्यात गेल्या. तेव्हापासून तांड्यात कोणी उघड्यावर काही वाजवत नाही.

“तुमाले येते का ऐकू?” तिनं विचारलं. मी मान हलवली. “मलेई नाही येत. वर्ष झालं, रोज कान देतो... निस्तं ढोरायलेच येते.”

काटेरी कुंपणाच्या वाड्यात ढोरं शिरू लागली तोवर माझे ओठ फाटले होते. बासरीवर रक्त उतरत होतं. नेमसिंगनं फाटक ओढलं आणि मी बासरी खाली केली. सगळी आत आली का, एवढं विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. मागे वळूनही पाहिलं नाही.

आत ढोरं फाटकावर रेटू लागली, तेव्हा पाहिलं. बाहेर पायवाटेवर धुरपताबाई तिच्या तांबड्या गाईचं दावं धरून उभी होती. गाईचे कान उताराकडे. आणि धुरपताबाईची मानही तशीच, एका बाजूला कललेली.

“आता मलेई येते...” ती म्हणाली. मोठ्यानं नाही. आमच्यासाठी तर नाहीच.

मी बासरी तोंडाला लावली, पण सुजल्या ओठांतून नुसती हवा गेली. नेमसिंग फाटक सोडू शकत नव्हता. ते सुटलं असतं तर सगळंच गेलं असतं. मी धावलो. काठावर पोचलो तेव्हा पाणी स्थिर झालं होतं.

दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलासमोर माणसांनी डोह ढवळला. कोणी सापडलं नाही. मी पुसदला परतलो आणि महिनाभरात बदली मागून घेतली.

जायच्या आधी नेमसिंग दवाखान्यात आला होता. म्हणाला, डोह ढवळला त्याच्या तिसऱ्या दिवशी पहाटे धुरपताची तांबडी गाय त्याच्या दारात येऊन उभी होती. अंग कोरडं. तिचं वासरू तीन दिवस नेमसिंगच्याच घरी बांधलेलं, भुकेनं ओरडत होतं. त्याला सोडलं तर ते कासेला लागलं आणि लगेच बाजूला झालं.

“कास रिकामी होती, साहेब,” तो म्हणाला. “कोनी तरी आत्ताच दूध काढून घेतल्यावानी.”