दुभाष्याचा आवाज

कुमुदताई मुद्दाम इरकली नेसून आल्या होत्या. गेलेल्या नवऱ्याचा आवाज ऐकायचा, म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती.

पाचगणीच्या या अतिथिगृहात पूर्वी तुरवान आणि मेझिया या दोन देशांचा नदीच्या पाण्याचा करार झाला, तेव्हा त्यांचे यजमान राघवेंद्र हुद्दार दुभाषी होते. बैठकीच्या वेळी भिंतीच्या लाकडी फळ्यांवरचं रोगण ओलंच होतं. रोगण वाळताना त्यात आवाजाची कंपनं गोठून राहतात. ती उलगडणारा ध्वनिवाचक त्यांच्या लेकीने, वैदेहीने, बनवला होता. कराराचं नूतनीकरण उद्यावर आलं होतं, म्हणून दोन्ही देशांनी तिच्याकडे ती जुनी बोलणी मागितली होती.

"आई, ऐक."

आधी नुसती खरखर. मग घसा साफ करण्याची ती ओळखीची लकब. कुमुदताईंनी पदर डोळ्यांना लावला. वैदेही मात्र पडद्यावरचं भाषांतर वाचून पांढरी पडली होती.

"तुरवानचे मंत्री म्हणाले, 'भिकाऱ्यांना पाणी हवं असेल, तर गुडघे टेकून मागा म्हणावं.' आणि बाबांनी मेझियाच्या लोकांना सांगितलं, 'तुमची तहान आम्हाला समजते.' आई, अख्खा करार बाबांच्या थापेवर उभा आहे!"

कुमुदताईंना हसू फुटलं. "तुझी आजी कानडीच बोलायची आणि मला ते येत नव्हतं. ती माझ्या आमटीला नावं ठेवायची आणि हे सांगायचे, 'आईला आवडली बरं का!' मी आणखी वाढायचे. पुढे मला कानडी कळायला लागलं, तोवर आमचं दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नव्हतं."

"मग आजीला बोललीस?"

"बोलले की! पोट धरधरून हसली." कुमुदताईंनी लेकीचा हात हातात घेतला. "लपवू नकोस, वैदू. दोन्ही वाक्यं ऐकव. पण मेझियाची शेतं कुठल्या वाक्यावर पिकली, तेही सांग."

दुसऱ्या दिवशी त्याच दालनात वैदेहीने दोन्ही ऐकवली, आईने सांगितलेलंही बोलली. मेझियाच्या मंत्रीणबाईंचा चेहरा लालबुंद झाला. त्या तडक उठून दाराकडे निघाल्या. मागे बसलेल्या कुमुदताई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

दाराशी बाई थबकल्या. परत येऊन तुरवानच्या मंत्र्यासमोर उभ्या राहिल्या. मध्ये आता दुभाषी नव्हता. कानातलं यंत्र शब्दाला शब्द पोचवत होतं.

"आम्ही ज्या वाक्यावर सही केली, ते तुमचं नव्हतंच," त्या म्हणाल्या. "आज तुम्ही स्वतःच्या तोंडाने ते म्हणाल?"