मिठागराची उघाडी

शाळा मी दुसरीत सोडली, पण मीठ आणि माणूस हातात आल्यावर मला कळतात.

बासष्ट साल. पनवेलच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानापुढे मी मिठाची पाटी उतरवली, तोच आतून आवाज आला, "पाटी लांब ठेव. खाऱ्यानं तारा गंजतात माझ्या."

"तारा तुमच्या. रस्ता पन तुमचा हाय?"

तो हसला. दिनानाथ त्याचं नाव. मी पाटी चार हात सरकवली आणि रोज तिथंच बसायला लागले... मीठ काय, कुठंही खपलं असतं.

एका दुपारी तो डोकं धरून बसला होता. पुढ्यात लाकडी फळी, तिच्यावर तारा, मण्याएवढा एक तुकडा नि एक सेल. भंगारातून आणलेल्या यंत्राच्या काचेवर विजेची हिरवी लाट हलत होती. ती फळी उद्या मुंबईच्या साहेबांना दाखवायची होती. पसंत पडली, की हा दोन वर्षं बंगलोरला शिकायला.

"लाट कापायची नाही, अख्खी उचलायची," तो म्हणाला. "तळ सेलाच्या उंचीवर टेकला पाहिजे. ही खालीच लोंबतेय."

"आनि ह्यो मनी कसला?"

"डायोड. वीज एकाच बाजूनं जाऊ देतो."

म्हणजे बांधातली उघाडी, पाण्याचं एकेरी दार. भातशेताची उघाडी भरती बाहेर अडवते, मिठागराची भरती आत घेऊन मिटते. लाट वर चढवायची तर भरती आत हवी, आणि यानं मिठागराला भातशेताची लावली होती.

गप्प बसले असते, तर तो पनवेललाच राहिला असता. मी माझ्या पाटीकडे वळलेही... पण चुकीवर अडवून माणूस ठेवायचा, इतकी हलकी मी नाही.

"उलटी बसवलीत," मी म्हटलं. "फिरवा."

त्यानं डायोड फिरवला. लाट जशीच्या तशी वर चढली, फक्त सेलाच्या उंचीच्या रेघेच्या केसभर खाली टेकली.

"तेवढं कमी का?"

"तेवढं डायोड स्वतःकडे ठेवतो —" तो काचेकडे बघतच नव्हता.

"मंग जानार तुमी."

"जाणार... येणारही. मालू, पाटी आत आण."

"तारा गंजतील."

"गंजू देत."

माझा पाय आत जायला उचलत होता, तरी मी हलले नाही. "परत आल्यावर तुमीच उचलून न्या."

फळी पसंत पडली, तो बंगलोरला गेला, आणि पुढं दुकानात दुसरा माणूस बसायला लागला. भला होता. म्हणायचा, "उन्हात का बसतेस? पाटी आत ठेव."

मी चार हात लांबच ठेवायची.