काय मोडणार, ते आधी

"‘थोडे बदल केले आहेत’ असं नका लिहू. लोकांचे प्रोग्राम मोडणार आहेत."

मी चमकून पाहिलं. आंबेनळी घाटात दरड पडलेली, साताऱ्याची आमची एसटी पोलादपुरात अडकलेली, आणि हॉटेलात हा अनोळखी माणूस चहा पीत खुशाल माझ्या लॅपटॉपमध्ये डोकावतोय!

"तुम्हाला काय ठाऊक?"

"तो बदल मीच केलाय," तो ओशाळून म्हणाला. "मी उझैर... तुडीलचा."

मी महाडची आफिया. कंपायलरच्या, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाच्या, एका लायब्ररीच्या रिलीज नोट्स, म्हणजे नव्या आवृत्तीत काय बदललं ते सांगणारा मजकूर, मी लिहिते. वर्षभर याच्याशी ऑनलाइन, टोपणनावानं, इंग्रजीतून भांडत होते आणि हा निघाला माझ्याच सावित्री नदीकाठचा! काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

मग प्रत्येक आवृत्तीआधी आम्ही पोलादपुरात भेटू लागलो. महाडात ओळखीचे डोळे फार. तो बजावायचा, "जुनं फंक्शन काढलं, हे पहिल्या ओळीत. त्याऐवजी काय वापरायचं, ते दुसऱ्या. गोड बोलणं नंतर." मी मुद्दाम गोड लिहायचे... तो खोडायचा आणि हसायचा. त्या हसण्यासाठी मी किती चांगली वाक्यं बिघडवली, ते माझं मला ठाऊक.

परवा मात्र तो हसलाच नाही. बाहेर भर दुपारी अंधारून आलं होतं. चहा निवून गेला, तरी तो माझ्या एकाच ओळीवर अडलेला.

"पुढच्या आवृत्तीत मी नाय, आफिया," तो शेवटी म्हणाला. "मस्कतला चाललोय. मामूंच्या दुकानात... आणि त्यांच्या मुलीशी निकाह ठरलाय."

"कधी ठरलं?"

"ईदला."

ईद उन्हाळ्यात झाली. आता पावसाळा सरत आला होता. मधल्या इतक्या भेटी, इतका चहा...

"परक्यांचं काय मोडणार, ते पहिल्या ओळीत लिहायला लावतोस. आणि माझं?"

त्याने कप बाजूला सारला. "जमलं नाय... तू हसत असायचीस."

मला रडू आलं, रागही आला. "मग माझंही ऐक. माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"आता सांगून काय उपयोग गो?"

"उपयोगासाठी नाही सांगितलं."

महाडची गाडी लागली. माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तरी तो महाडपर्यंत दांडा धरून उभाच राहिला. स्टँडवर उतरलो तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"माझंही..." एवढंच म्हणाला, आणि धावत जाऊन त्याने तुडीलची गाडी पकडली.

मी त्याला अडवलं नाही.